गुरुवारची अडचण

वर्ध्याच्या स्टेशनवर गाडीत चढलो तेव्हा माझ्या खिशात तीन तिकिटं होती. एक जायचं आणि दोन परतीची. जाणारा मी एकटा होतो. येताना माझ्याबरोबर माझा मुलगा मिलिंद असणार होता. त्याची आई स्टेशनवर आली होती. तिने डबा दिला आणि म्हणाली, "ओरडू नका त्याच्यावर. घेऊन मात्र या."

आपल्या कॉलनीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा मला विचारलं होतं की मिलिंद कोल्हापुरात करतो तरी काय. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही हा प्रवास जसा झाला तसा लिहून ठेवतो आहे. ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. मोबाइल आमच्याकडे नव्हता. पत्र, आणि पंधरा दिवसांतून एकदा कोपऱ्यावरच्या बूथवर फोन, एवढाच संपर्क.

मिलिंद गोलकीपर. विद्यापीठाच्या स्पर्धेत त्याला खेळताना पाहून कोल्हापूरच्या कवठाच्या तालमीच्या लोकांनी बोलावून घेतलं. तालीम म्हणजे आपल्याकडचा आखाडा. पण तिथे प्रत्येक पेठेच्या तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि बाहेरचे खेळाडू मानधन देऊन आणतात. राहायला तालमीच्या माडीवर खोली, महिन्याला ठरलेलं मानधन आणि जेवण वारावर. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, असं.

पहिल्या वर्षी हा संघ सोळा संघांत चौदावा आला. पंधरा सामन्यांत एकतीस गोल खाल्ले. मी पत्र लिहिलं की बी.कॉम. केलेल्या मुलाने एकतीस गोल खायला सातशे किलोमीटर जाऊ नये. इकडे एका शाळेत कारकुनाची जागा होती, पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत ते थांबायला तयार होते. मिलिंदने आणखी एक वर्ष मागितलं. मी दिलं, पण अट घातली. पुढच्या हंगामात संघ पहिल्या चारांत आला तर राहा. नाही आला तर परत. त्याने उलट टपाली कबूल केलं.

दुसऱ्या हंगामात पत्रांमधले आकडे बदलले. दोन सामने बरोबरीत, मग तीन लागोपाठ जिंकले. मी ते एका वहीत उतरवत होतो. शेवटचा सामना उरला तेव्हा तालीम चौथी होती. चौदा सामने, सात जिंकले, चार बरोबरीत, तीन हरले. पंचवीस गुण. खाल्लेले गोल अकरा.

त्या पत्रात आणखी एक ओळ होती. "सहा दिवस सहा घरी जेवतो. गुरुवारी मात्र खानावळीत, कारण त्या घरी अडचण आहे."

हा शब्द मी ओळखतो. माझी नोकरी जमीन मोजणीची. तीस वर्षांपूर्वी साखळी घेऊन खेड्यात गेलो की सकाळी कुणीतरी आग्रहाने जेवायला सांगायचं. दुपारपर्यंत माझं आडनाव गावभर झालेलं असायचं. मग निरोप यायचा, साहेब, घरी जरा अडचण आहे. छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन बौद्ध झाले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, त्यांच्याबरोबर होतो. धर्म बदलला तरी निरोप तोच येत राहिला. अडचण कुणाच्याही घरी येते. पण ती वार ठरवून दर आठवड्याला येत नाही.

म्हणून मी मनाशी दोन गोष्टी ठरवून निघालो होतो. एक तर सामना बघायचा. दुसरं, गुरुवारचं घर बघायचं.

पुण्यानंतर डब्यात इचलकरंजीचा एक माणूस समोर येऊन बसला. यंत्रमागावर कामाला होता, कानाला मागाची सवय असल्यामुळे सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं बोलत होता. "कुठं निघालासा, पावणं?" पावणं म्हणजे पाहुणे. तिकडे अनोळखी माणसाला हीच हाक. मी म्हटलं, कोल्हापूर, मुलगा फुटबॉल खेळतो.

तो सरसावून बसला. "मग पयलं सांगा, कुठली तालीम?"

मला कुणी नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. मी कवठाची म्हटल्यावर त्याने हात जोडले. "यंदा लई चाललीय की तुमची तालीम! गेल्या साली नुसता भाजीपाला हुता, भाजीपाला. कुणीबी यावं नि गोल मारून जावं. यंदा कीपर तेवढा गावलाय."

"तोच माझा मुलगा," मी म्हटलं. "आणि गेल्या वर्षीही तोच होता."

"व्हय?" त्याने जरा विचार केला. "मग गेल्या साली फुडची पोरं वाईट असतील."

हातकणंगल्याला तो उतरला. उतरताना त्याने भडंगाची (चुरमुऱ्यांचा तिखट चिवडा) अर्धी पिशवी माझ्या हातात कोंबली. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गुऱ्हाळाचा धूर. आपल्याकडची काळी जमीन भेगा पाडून पडलेली असते त्या दिवसांत इथे पाटाला पाणी होतं. सोमवारी दुपारी, घर सोडल्यापासून सव्वीस तासांनी, मी कोल्हापूरला उतरलो.

मिलिंद बारीक झाला असेल असं त्याच्या आईने सांगितलं होतं. तो बारीक झाला नव्हता. खांदे रुंद झाले होते आणि डाव्या हाताचं एक बोट किंचित वाकडं झालं होतं. पत्रात त्याने हे बोट कळवलं नव्हतं.

तालमीत गेलो. खाली लाल मातीचा हौदा, भिंतीला मुद्गल, वर माडीवर त्याची खोली. खोलीत एक खाट, दोन जोड बूट आणि हातमोजे. संघाचं सगळं बघणारे आबा भेटायला आले. साठीचे, डोक्याला फेटा नाही, हातात दुधाची किटली. त्यांचा म्हशींचा धंदा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पावणं, पोरगं न्यायला आलासा म्हनं?"

"ते बुधवारी ठरेल," मी म्हटलं. "अट आहे."

"पोरानं सांगितली अट. पयल्या चारात." त्यांनी किटली खाली ठेवली. "तुमचं पोरगं, तुमी न्या की. आमी कोन अडवनार? पर आधी दूध प्या."

ते मला जवळच्या चौकात घेऊन गेले. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या आणि गिऱ्हाईक उभं राहील तसं समोर दूध काढून पेल्यात देतात. वर फेस. मी आयुष्यात प्रथमच न तापवलेलं दूध प्यायलो. आबा म्हणाले, मिलिंद रोज दोन पेले पितो. मी विचारलं, मोजता? ते म्हणाले, "मोजतो की. कीपर हाय आमचा. त्येचं दूध न मोजून चालतंय?" या एका वाक्याने त्या माणसाबद्दल माझं मत चांगलं झालं.

संध्याकाळी सोमवारच्या घरी जेवलो. ते कुटुंब आमच्यातलंच, नवरा कचेरीत शिपाई. मंगळवारी सकाळी तालमीच्या पोरांनी मिसळ खायला नेलं. आपण जिला तर्री म्हणतो तिला तिथे कट म्हणतात आणि वाढणारा विचारत नाही, ओततो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा एक पोरगा मिलिंदला म्हणाला, "तुझा बा रडालाय का रं? आजून मॅच व्हायचीय." दुपारी आबांकडे जेवण. सहा घरांची यादी मी मिलिंदकडून समजून घेतली. एक आमचं, एक मुसलमान कुटुंबाचं, चार मराठ्यांची.

"आणि गुरुवारचं?" मी विचारलं.

"सुलाक्का म्हणून आहेत. मागच्या हंगामात दर गुरुवारी तिथंच जेवायचो. यंदा थांबलं."

"मागच्या हंगामात त्यांना आपलं आडनाव माहीत होतं?"

मिलिंदला प्रश्न कळला. तो म्हणाला, "बाबा, मी विचारलं नाही. सगळे हसतात त्या घराचं नाव काढलं की."

हसतात हे ऐकून मला राग आला. मिलिंद सरावाला गेल्यावर मी एकटा निघालो. तालमीच्या दारापासून सुलाक्काच्या दारापर्यंत त्रेसष्ट पावलं झाली. चाळिशीची बाई, पायरीवर बसून लसूण सोलत होती. मी थांबलो तसं तिनेच विचारलं, "कुनाकडं आलासा, पावणं? या की, बसा. च्या टाकते."

मी म्हटलं, "मी तालमीच्या गोलकीपरचा वडील."

तिचे हात थांबले. तोंडावर पदर धरून ती म्हणाली, "आगं बाई! मग आज न्हाय बाई जमायचं. जरा अडचण हाय. बुधवार होऊ दे, मग बघू."

त्रेसष्ट पावलं परत आलो. परतीची दोन्ही तिकिटं खिशातून काढून तारीख तपासली. आता संघ चौथा येवो की पहिला, मुलाला इथे ठेवायचं नाही असं मी त्या पावलांमध्ये ठरवलं होतं.

बुधवारचा सामना चार वाजता. समोर वेशीपलीकडच्या पेठेची तालीम. ती पाचवी, चोवीस गुण. बाकी संघांचे सामने संपले होते, त्यामुळे गणित सोपं होतं. बरोबरी झाली तरी आमची तालीम चौथी. हरली तर ते चौथे आणि आम्ही पाचवे. "आम्ही" हा शब्द मी वहीत लिहिला आणि मग लक्षात आलं.

स्टेडियम भरलेलं. पायऱ्यांवर लोक पेठांप्रमाणे बसतात आणि एकमेकांचा उद्धार करतात. "ए कीपर, म्हस विकली का रं आबांची?" असं समोरून ओरडलं की इकडून, "तुमच्या फॉरवर्डाला गोल दावा की कुनीतरी, कवाधरनं हुडकालाय!" मी आबांशेजारी बसलो. एक आकडा मोजायचा ठरवला, आमच्या गोलवर येणारे फटके.

मिलिंदला खेळताना मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. हेही लिहायला हवं. वर्ध्यात दर वेळी मला कचेरी असायची. तो एवढा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. घरी तो दुसऱ्यांदा भाजी मागायला लाजतो. इथे तो पुढच्या चार जणांना नावाने हाका मारत होता, डावीकडे सरक, त्याला धर, सोडू नको. तेही अस्सल कोल्हापुरीत. मध्यंतरापर्यंत सहा फटके, सहाही अडवले.

उत्तरार्धात समोरच्यांचा नऊ नंबरचा खेळाडू फार धोकादायक होता. तो चेंडू घेऊन निघाला की समोरच्या गर्दीतून एका बाईचा आवाज येई, "हाण बाळ्याऽ! बघतोस काय त्येच्या तोंडाकडं! हाण!" आवाज ओळखीचा वाटला. मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. पायरीवर उभी राहून, पदर कमरेला खोचून, सुलाक्का.

मी आबांना विचारलं, "ती बाई आपल्या पेठेतली ना?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सासर आपल्यात. म्हायेर पलीकडं. त्यो नऊ नंबर तिच्या भावाचा ल्योक. गेल्या साली आपला कीपर कुनाचंबी गोल खायचा तवा सुलाक्का गुरुवारी त्याला कोंबडी घालायची. यंदा ह्यानं पोराचे दोन गोल अडवले पयल्या म्हयन्यात, मैत्रीच्या मॅचीत. तवापासनं चूल बंद!"

"चूल बंद म्हणजे?"

"म्हनली, माझ्या भाच्याला अडवनाऱ्याला मी भाकरी घालू? माझी अडचण हाय. तिचं मालक (नवरा) आपल्या तालमीचं जुनं खेळाडू. त्या घरात हंगामभर दोन पातेली शिजत्यात म्हना ना."

मी समोर बघत राहिलो. वहीत सातवा, आठवा, नववा फटका लिहायचा राहिला, ते नंतर आबांना विचारून भरले. दहावाही मिलिंदने बोटांनी वर काढला, त्याच वाकड्या बोटाने. अकरावा शेवटच्या चार मिनिटांत. नऊ नंबरने दोघांना चुकवलं आणि खाली, उजव्या कोपऱ्यात मारला. मिलिंद पडला तेव्हा चेंडू आत गेलेला होता.

एक-शून्य. अकरापैकी दहा अडवून आम्ही पाचवे.

समोर हलगी वाजायला लागली. आमच्या बाजूला कुणी मिलिंदला शिवी दिली नाही. मी ती ऐकायला तयार होतो. आबा मैदानात गेले, त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "चल, दूध राहिलंय तुझं."

माडीवर आलो तर मिलिंद बॅग भरत होता. बूट कागदात गुंडाळले, हातमोजे पुसून वर ठेवले. मला म्हणाला, "गाडी उद्या पावणेतीनची आहे ना?" रड नाही, मागणं नाही. कबूल केलेली गोष्ट. मी हो म्हटलं आणि झोपलो, पण झोप लागली नाही. माझ्या कामात पाचाला चार कधी लिहिलं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. मात्र एक गोष्ट मला छळत होती. मोजणी चुकते ती बहुतेक वेळा साखळी चुकून नाही. ज्या दगडापासून मोजायला सुरुवात केली तो दगडच हद्दीचा नसतो.

गुरुवारी सकाळी दहाला खालून आवाज आला, "ए कीपर! हाईस का गेलास?"

सुलाक्का दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "पावणं, तुमीबी चला. हंगाम संपला. परवा जित्राबावानी (जनावरासारखी) वागले मी तुमच्याशी, च्याबी दिला न्हाय. आज गुरुवार हाय. पोराचा वार हाय."

त्रेसष्ट पावलं पुन्हा चाललो. चुलीवर कोंबडीचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, खरडा (आपला ठेचा). तिचे मालक आमच्या दोघांच्या मध्ये बसले आणि मिलिंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दहा अडवलंस की रं. ही काल रात्री भाच्याचं कौतुक सांगालती, मी म्हनलं, अकरातला एकच की!"

"एक तर एक," सुलाक्का म्हणाली. "गोल त्यो गोल."

मी ताटावरून हात काढून तिला सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. म्हटलं, "बाई, तुम्ही परवा अडचण म्हणालात तेव्हा मला वेगळंच वाटलं होतं." आणि खेड्यातले ते निरोप सांगितले.

मिलिंद जेवायचा थांबला. ती म्हणाली, "तुमाला तसं वाटलं, त्यात तुमचं काय चुकलं? आमच्या घरात ते नव्हतंच असं मी न्हाय म्हननार. सासूबाईंच्या वक्ताला दाराम्होरं येगळा तांब्या असायचा. त्या गेल्यावर मी त्यो मोडीत घातला नि दूध तापवायचं पातेलं आनलं. ते बघा." तिने बोट दाखवलं. फळीवर पितळी पातेलं होतं. "पर भाच्याचं म्हनाल तर," ती भाकरी थापत म्हणाली, "तिथं मी कुनाचं ऐकनार न्हाय. फुडच्या साली हा असला तर परत गुरुवार बंद."

तिचे मालक म्हणाले, "फुडच्या साली कुठला असतोय? ह्ये न्यायला आल्यात त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरीचा तुकडा मोडला. आजवर जिथे जिथे "अडचण" ऐकलं तो हिशोब मी खोटा म्हणत नाही, तो खरा होता आणि अजून आहे. या एका घरापुरता मात्र तो मी खोडला. आणि मुलाची अटही. चौदाव्यावरून पाचवा आणि एकतीसवरून बारा, हे आकडे जिथून मोजायचे तो दगड मी चौथ्या जागेवर रोवून ठेवला होता. तो तिथे नव्हताच.

"बॅग सोड," मी मिलिंदला म्हटलं. "आईला मी सांगतो."

त्याने दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

गाडीवर आबा, मिलिंद आणि तालमीची सात पोरं आली. सुलाक्काने भाकऱ्यांचं गाठोडं दिलं होतं, आबांनी खव्याचा डबा. मिरज सोडल्यावर तिकीट तपासनीस आला. दोन तिकिटं पाहून म्हणाला, "दुसरे कुठे आहेत?"

"ते राहिले," मी म्हटलं.

"चुकली का गाडी?"

"नाही. त्यांची गाडी चुकली नाही." त्याने ती जागा एका म्हाताऱ्या बाईला दिली. मी तिला दोन भाकऱ्या दिल्या.

घरी आल्यावर मिलिंदच्या आईने दारातूनच माझ्या मागे बघितलं. चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. त्या सात घरांबद्दल तिला सांगितलं तेव्हा तिने वहीची पानं मागितली आणि सातही घरांना एकेक पत्र लिहिलं. शाळेतली जागा दुसऱ्याला गेली. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. कृतज्ञता मात्र आहे, आणि ती नेमकी सात घरांबद्दल आणि एका म्हशीवाल्याबद्दल आहे.

उन्हाळाभर मिलिंदची पत्रं आली. दर गुरुवारी सुलाक्काकडे जेवतो, आज हे केलं होतं, आज ते. मी ती वाचायचो आणि मनात कुठेतरी एक शंका उरायची. माणसं एखाद्या वेळी चांगली वागतात, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मागे सरतात, हे मी पाहिलं आहे. अडचण खरोखर कसली होती हे कळायला एकच मार्ग होता, आणि तो हंगाम सुरू होण्याची वाट पाहणं.

दिवाळीनंतर पत्र आलं. "बाबा, पहिला सामना जिंकलो. वेशीपलीकडच्यांशी होता. बाळ्याचे तीन फटके अडवले. आजपासून गुरुवारी परत खानावळ. सुलाक्काच्या घरी अडचण आहे."

मी ते पत्र मिलिंदच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघं किती तरी वेळ हसत होतो.